ठशांची साक्ष : इंग्रज उमरावांच्या चांदीच्या भांड्यांचा इतिहास

अठराव्या शतकात लंडनच्या एखाद्या नामांकित सोनाराने एखाद्या उमराव घराण्यासाठी घडविलेले चांदीचे ताट हाती घेतले, तर त्याची दर्शनी बाजू एक हकीकत सांगते आणि पाठ दुसरीच. दर्शनी बाजूस घराण्याचे कुलचिन्ह कोरलेले असते. ढाल, तिला दोहों अंगांनी धरून उभे असलेले पशू, वर अर्लचा किंवा ड्यूकचा मुकुट आणि खाली लॅटिन भाषेतील ब्रीद, असा तो सारा थाट पंक्तीस बसलेल्या पाहुण्यांच्या नजरेसाठी मांडलेला असतो. ताट उलटे केले की मात्र चार-पाच बारीक ठसे ओळीने उमटविलेले दिसतात, आणि त्यांच्यापासून जवळच टोकदार हत्याराने ओरखडलेले काही आकडे दिसतात : ताटाचा अनुक्रमांक, आणि औंस व पेनीवेट या मापांत त्याचे वजन. दर्शनी बाजू घराण्याची प्रतिष्ठा मिरवते, पाठ घराण्याचा हिशेब ठेवते; आणि दोनअडीचशे वर्षांनंतर आज जेव्हा त्या घराण्यांची प्रतिष्ठा, त्यांच्या जमिनी आणि कित्येकांचे वाडेही कालोदरात गडप झाले आहेत, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाला खरी माहिती पुरविते ती ही पाठच होय.

या ठशांचा उगम अविश्वासात आहे. शुद्ध चांदी भांड्यांच्या कामाला फार मऊ पडते, म्हणून तिच्यात तांबे मिसळावे लागते. आणि एकदा तांबे मिसळण्याची मुभा मिळाली की ते किती मिसळावे याचा मोह सोनाराला पडणे हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. हा मोह आवरण्यासाठी पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकिर्दीत, १३०० साली, असा कायदा झाला की चांदीची कोणतीही वस्तू राज्याच्या नाण्याहून हीणकस असू नये, म्हणजे तिच्या हजार भागांत ९२५ भाग निर्मळ चांदी असलीच पाहिजे, आणि सोनारांच्या प्रमुखांनी कस पाहून बिबट्याच्या मस्तकाचा ठसा मारल्याखेरीज ती कारागिराच्या हातून बाहेर पडू नये. पुढे १३२७ साली लंडनच्या सोनारसंघाला राजाची सनद मिळाली. १३६३ च्या कायद्याने प्रत्येक उस्ताद सोनाराने स्वतःची खूण उमटविणे बंधनकारक झाले. १४७८ पासून दरसाल बदलणारे वर्णमालेतील एक अक्षर त्यात आले, जेणेकरून कस पाहण्यात लबाडी झाली तर ती कोणत्या वर्षी, कोणाच्या अमदानीत झाली हे पकडता यावे. आणि १५४४ पासून चालत्या सिंहाची मुद्राही त्या ओळीत येऊन बसली. पेशवाईत नाण्याचा कस पाहण्याची जबाबदारी जशी पोतदाराच्या शिरावर असे, तशी इंग्लंडात भांड्यांच्या कसाची जबाबदारी या संघाच्या शिरावर होती. भांड्याच्या अंगावरून खरवडलेला कण शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या छोट्या मुशीत तापवीत, शिसे आणि हीण त्या राखेत शोषले जाई, उरलेला शुद्ध चांदीचा मणी तोलून कस ठरवीत, आणि कमअस्सल ठरलेले भांडे तेथल्या तेथे ठेचून मालकाच्या हाती परत देत.

भांडे आणि नाणे एकाच कसाचे असल्यामुळे इंग्रज उमरावाच्या घरी चांदीच्या भांड्यांना जे स्थान प्राप्त झाले, ते आजच्या वाचकाला नीट उमगावयाचे तर त्या काळी पेढ्या नव्हत्या, कर्जरोखे नव्हते आणि जमिनीच्या वसुलातून आलेली रोकड सुरक्षित ठेवण्याची अन्य सोय नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. १६०१ पासून एक ट्रॉय पौंड चांदीचे ६२ शिलिंग पाडले जात. त्यामुळे भोजनगृहाच्या भिंतीलगतच्या फडताळावर ओळीने मांडलेल्या पराती, सुरया आणि झाऱ्या यांचे वजन ठाऊक असले की त्यांची किंमत कोणताही कारभारी तोंडी सांगू शके. प्रसंग पडला की भांडी टांकसाळीत जात, सुबत्ता आली की नाणी सोनाराकडे जात. या येरझाऱ्यांत बुडे ती केवळ घडणावळ. आपल्याकडे दागिना मोडताना घरधनिणीच्या जिवाची जी उलघाल होते, तशी त्या सरदारांची भांडी मोडताना होत असेलसे दिसत नाही. कारण नवी धाटणी आली की आजोबांच्या काळची भांडी आटवून नवी करून घेणे ही तेथील प्रत्येक पिढीची रीतच होती. इंग्लंडात मध्ययुगातील चांदीची भांडी आज इतकी विरळा आढळतात याचे एक मोठे कारण ही रीत आहे.

दुसरे कारण यादवी युद्ध. १६४२ साली राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात शस्त्रे उपसली गेली, तेव्हा उभय पक्षांना फौजेच्या पगारासाठी रोकड हवी होती, आणि उभय पक्षांची दृष्टी सहजच भांड्यांकडे वळली. राजाने ऑक्सफर्डला तळ दिला, तेथे १६४३ च्या आरंभी टांकसाळ उभारली आणि विद्यापीठातील महाविद्यालयांकडे त्यांच्या चांदीची मागणी केली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या देणगीदारांनी आपली नावे कोरून अर्पण केलेले चषक आणि पराती मणांनी मुशीत गेल्या आणि त्यांतून निघालेले शिलिंग स्वारांच्या व पायदळाच्या कमरेच्या कशांत पडले. त्या धामधुमीतूनही कॉर्पस क्रिस्टी या महाविद्यालयाने आपला संस्थापक बिशप फॉक्स याची भांडी जतन करून ठेवली. ती आज पाहावयास मिळतात म्हणूनच बाकीच्यांचे केवढे वैभव लोपले याचा अदमास तरी करता येतो.

१६६० साली राजसत्ता पुनःस्थापित झाल्यावर उमराववर्गाने गमावलेले वैभव इतक्या हव्यासाने भरून काढले की उलटाच पेच उभा राहिला. सोनारांना चांदी पुरेना, तेव्हा चालू नाणी कडेने कातरून किंवा सरळ आटवून तिची भांडी होऊ लागली आणि बाजारात पूर्ण वजनाचा शिलिंग दिसेनासा झाला. १६९६ साली सरकारने सारी जुनी नाणी माघारी घेऊन नवी पाडण्याचे प्रचंड काम हाती घेतले; आणि ती नवी नाणी पुन्हा मुशीत जाऊ नयेत म्हणून १६९७ च्या मार्चपासून भांड्यांचा कस मुद्दाम नाण्याच्या कसाहून उंच, हजारांत सुमारे ९५८ भाग, असा ठरविला. नाणे आटवून आता भांडे करता येईना. वर शुद्ध चांदीची भर घालावी लागे. बिबट्या आणि सिंह यांच्या जागी सिंहाचे शिर आणि ब्रिटानियाची बैठी मूर्ती असे नवे ठसे आले, आणि हा उंच कस १७२० पर्यंत सक्तीने चालू राहिला.

नेमक्या याच काळात इंग्रजी चांदीकामाला परदेशातून नवे रक्त मिळाले. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नांतचे फर्मान रद्द करून प्रॉटेस्टंट पंथीयांचे धर्मस्वातंत्र्य हिरावून घेतले, आणि ह्यूगेनो म्हणून ओळखले जाणारे हे लोक सहस्रावधी संख्येने देशोधडीस लागले. त्यांत पॅरिसच्या आणि फ्रान्सच्या इतर नगरांतील निष्णात सोनार होते. ओतीव कामाने घडविलेल्या मुठी आणि पाय, भांड्याच्या अंगावर पानांच्या आकृती कातरून डाखाने जडविण्याची पद्धती, भारदस्त घाट आणि प्रमाणबद्ध रेषा हे सारे त्यांनी लंडनला आणले. स्थानिक सोनारांनी या उपऱ्यांविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या, त्यांच्या मालाला ठसा देऊ नये म्हणून खटपटी केल्या. पण गिऱ्हाईक उमराव होता, त्याला फ्रेंच धाटणी हवी होती, आणि अखेर इंग्रज सोनारच ती शिकून गेले.

या निर्वासितांच्या पुढच्या पिढीतला शिरोमणी पॉल डी लामेरी. तो १६८८ साली हॉलंडात जन्मला, आईबापांबरोबर बालपणीच लंडनला आला, १७०३ साली पिएर प्लॅटेल या ह्यूगेनो उस्तादाकडे उमेदवारीस राहिला, १७१३ साली त्याने स्वतःची खूण नोंदविली आणि १७५१ मध्ये मरेपर्यंत इंग्लंडातील थोरामोठ्यांची भोजनगृहे आपल्या कामाने भरून काढली. १७२० नंतर उंच कसाची सक्ती उठली असताही १७३२ पर्यंत त्याने तो सोडला नाही. त्याच्या हातचे एक तबक लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि ते जवळून न्याहाळण्याजोगे आहे. सर रॉबर्ट वॉल्पोल हा त्या वेळी राज्याचा खजिनदार आणि मुख्य प्रधान होता. राजा पहिला जॉर्ज १७२७ साली वारला तेव्हा त्याच्या नावाची खजिन्याची चांदीची मुद्रा निरुपयोगी झाली, आणि अशी बाद मुद्रा ज्याच्या हवाली असे त्याचा तो हक्कच असावा असा दस्तूर होता. वॉल्पोलने ती मुद्रा लामेरीकडे दिली, आणि लामेरीने तिच्यापासून एक चौरस तबक घडविले. तबकाच्या मध्यभागी त्या वितळलेल्या मुद्रेच्या दोन्ही बाजू बिंब-प्रतिबिंबासारख्या हुबेहूब कोरल्या आहेत. हर्क्युलीस त्यांना सावरून उभा आहे, त्याच्या दोहों बाजूंस निंदा आणि मत्सर यांच्या मूर्ती आहेत, आणि मागे लंडन नगरीचे दृश्य पसरले आहे. हे खोदकाम, पुढे चित्रकार म्हणून विख्यात झालेल्या आणि तारुण्यात चांदीवर खोदकाम करण्याचीच उमेदवारी केलेल्या विल्यम होगार्थचे असावे, असे जाणकार मानतात. अधिकाराची मुद्रा आटली, पण अधिकाराचा अभिमान तबकाच्या रूपाने घराण्यात राहिला.

लामेरी थोर कलावंत होता, तरी तो आपल्या काळाच्या लबाड्यांपासून अलिप्त नव्हता, आणि ही गोष्टही ठशांनीच उघडकीस आणली आहे. १७२० साली जुना कस परत आला, त्याबरोबर औंसामागे सहा पेन्सांची जकात आली. मोठ्या भांड्यावर ही रक्कम थोडीथोडकी होत नसे. तेव्हा सोनार एखादी हलकी चकती ठसे मारून आणीत, तिच्यापुरती जकात भरीत, आणि मग ठशांचा तेवढा तुकडा कापून मोठ्या झारीच्या बुडाशी डाखाने सांधून टाकीत. आज तज्ज्ञ मंडळी भांड्याच्या बुडावर फुंकर घालतात तेव्हा श्वासाच्या वाफेत त्या डाखाची रेघ क्षणभर स्पष्ट दिसते. लामेरीच्या काही भांड्यांवरही ती सापडली आहे. ही जकात १७५८ साली उठली, परंतु त्याच वर्षीच्या कायद्याने खोटा ठसा मारणाऱ्यास मरणदंड सांगितला, यावरून राज्यकर्त्यांना या चार खुणांचे केवढे मोल वाटे ते कळून येते.

एका घराण्याच्या चांदीचे चरित्र पाहावयाचे तर चेशायर परगण्यातील डनहॅम मॅसी येथील जॉर्ज बूथ, वॉरिंग्टनचा दुसरा अर्ल, याचे पाहावे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १६९४ मध्ये, बापाच्या मृत्यूने त्याच्या वाट्यास पदवी आली आणि तिच्याबरोबर कर्जाचा डोंगर आला. १७०२ साली त्याने एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या कन्येशी विवाह केला. संसार सुखाचा झाला नाही, इतका की स्वभाव न जुळल्यास पतिपत्नींना विभक्त होण्याची मोकळीक असावी असे प्रतिपादन करणारे निनावी पुस्तक त्याने पुढे प्रसिद्ध केले. पण दौलत सावरली, वाडा नव्याने बांधला गेला, आणि अर्लने आयुष्यभर एकच छंद निष्ठेने जोपासला, तो चांदीचा. त्याची आवड नखरेल नक्षीची नव्हती. जाड पत्र्याची, वजनदार, साध्या घाटाची भांडी त्याला लागत, आणि ती तो बहुधा लंडनच्या ह्यूगेनो सोनारांकडून करून घेई : शेकडो ताटे, दीपदाने, सुरापात्रे, देवघराची उपकरणी, शय्यागृहातील पात्रेसुद्धा. अखेरच्या वर्षांत त्याने या सर्वांची वजनवार यादी तयार करून ठेवली, आणि त्या यादीची पाने चाळताना ध्यानात येते की तारुण्यात सावकारांच्या तगाद्याने पोळलेला हा मनुष्य आपल्या फडताळात एक असा खजिना रचीत होता, की जो कोणत्याही क्षणी तोलून नाण्यांत बदलता यावा. पुत्र नसल्यामुळे दौलत कन्येकडून ग्रे घराण्यात गेली. वारसाहक्काने दुसऱ्या शाखेकडे गेलेला बराचसा साठा १९२१ साली लंडनच्या लिलावात पांगला. आणि उरलेले जे होते ते वाड्यासह ग्रे घराण्यातील दहाव्या अर्लने १९७६ साली मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केले. अर्लने ज्याला ठेव मानले, ते आज कलावस्तू म्हणून पाहिले जाते.

या भांड्यांनी जेवणाची रीत घडविली आणि रीतीने भांडी घडविली. सोळाव्या शतकापर्यंत पंक्तीतला मानाचा बिंदू म्हणजे उंच, मनोऱ्यासारखी मीठदाणी. तिच्या कोणत्या बाजूस आसन मिळाले यावर माणसाची योग्यता ठरे. काटा तर इंग्लंडात फार उशिरा आला. टॉमस कोरियट नावाचा प्रवासी १६०८ साली इटलीत काटे पाहून आला आणि त्याने त्यांचे वर्णन छापले तेव्हा स्वदेशीयांना ती अपूर्वाई वाटली. हाच कोरियट पुढे पायी हिंदुस्थानापर्यंत आला आणि १६१७ साली सुरतेस मरण पावला. ठसे असलेला सर्वांत जुना उपलब्ध इंग्रजी चांदीचा काटा १६३२-३३ सालचा, दोन दातांचा, मॅनर्स या उमराव घराण्याची चिन्हे ल्यालेला आहे. पुढे शंभर वर्षांत एका मेजवानीला पुरणारा सरंजाम शेकडो नगांवर गेला. सारे पदार्थ एकदम मांडण्याची तेव्हा पद्धत असल्याने मेजाच्या मध्यभागी फळे आणि मिठाई धरणारा शाखायुक्त देव्हाऱ्यासारखा डोलारा, त्याच्या भोवती झाकणांची सारपात्रे आणि बशा, आणि त्यांच्यामधून मेणबत्त्यांचा प्रकाश परावर्तित करणारी दीपदाने, अशी ती चित्ररचना असे.

ही चित्ररचना ज्यांच्या श्रमांवर उभी होती त्यांची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. भांड्यावर खूण एका उस्तादाची असली तरी ते ठोकणारा, ओतणारा, उठावाचे काम करणारा, कुलचिन्ह खोदणारा आणि शेवटी झिलई देणारा असे अनेक हात त्यावरून फिरलेले असत. यांत स्त्रियाही होत्या. हेस्टर बेटमन या विधवेने १७६१ साली स्वतःची खूण नोंदवून जवळजवळ तीस वर्षे कारखाना चालविला आणि नावारूपास आणला. सर्वांत दारुण काम मुलामा देणाऱ्यांचे. सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप चांदीवर देत आणि भांडे निखाऱ्यांवर धरीत. पारा वाफ होऊन उडे, सोने चिकटून राही, आणि ती वाफ श्वासावाटे कारागिराच्या शरीरात जाई. हातांना कंप सुटणे, दात गळणे, बुद्धीला भ्रम होणे ही त्या सोनेरी झळाळीची किंमत होती, आणि ती कोणत्याही यादीत नमूद होत नसे.

असाच मुलामा दिलेला एक भोजनसंच लंडनच्या ॲप्सली हाउसमध्ये आहे, आणि मराठी वाचकाने त्यापुढे जरा अधिक वेळ थांबले पाहिजे, कारण त्याचे नावच दख्खनचा संच असे आहे. १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहाने दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेला, १८०३ च्या मे महिन्यात त्यांच्या संगिनींच्या छायेत पुण्याच्या गादीवर परत बसला, आणि त्याच वर्षी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्याशी इंग्रजांचे युद्ध जुंपले. मॉर्निंग्टनच्या अर्लचा पुत्र जनरल आर्थर वेलस्ली याने ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला घेतला, आणि २३ सप्टेंबर रोजी भोकरदनजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, असई गावापाशी तो संग्राम झाला की ज्यात शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफांपाशीच देह ठेवले आणि इंग्रजांकडील सुमारे १,६०० माणसे मृत वा जखमी झाली. मागाहून आडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, आणि डिसेंबरात दोन्ही मराठी सत्तांनी तह केले. वेलस्लीच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी वर्गणी जमवून आपल्या सेनापतीस दोन हजार गिनींचे सोन्याचे पात्र देण्याचे ठरविले. पुढे त्याऐवजी भोजनाचा संच द्यावा असे ठरले, त्यावर असईचे नाव उमटविण्यात आले, आणि १८०६ च्या सुमारास तो लंडनला तयार झाला. वेलस्ली त्यानंतर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूनंतर युरोपातील राजांनी त्याच्यावर भोजनसंचांचा वर्षाव केला. त्या मांदियाळीत हा दख्खनचा संच सर्वांत आधीचा.

वॉरिंग्टनच्या अर्लची ताटे आणि हा संच यांत जे अंतर पडले आहे तेच या इतिहासातील निर्णायक स्थित्यंतर होय. अर्लच्या ताटाचे मोल त्याच्या वजनात होते; या संचाचे मोल त्यावर कोरलेल्या एका गावाच्या नावात आहे. तो आटवावा असे वेलिंग्टनच्या वंशजांच्या मनातही येणे शक्य नव्हते, कारण आटवले असते तर चांदी उरली असती आणि असई नाहीशी झाली असती. जेत्याने आपली स्मृती धातूत ओतून ठेवली, आणि त्या धातूवरील ठशांनी तिला साल आणि कर्ता दिला. त्या दिवशी केळणेच्या काठी पडलेल्या मराठी गोलंदाजांची नावे मात्र कोणत्याही पात्रावर नाहीत, हे आपण दुःखाने नमूद केले पाहिजे.

यानंतरचा इतिहास उताराचा आहे. १८४० साली एल्किंग्टन या कारखानदारांनी विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ थर चढविण्याचा हक्क मिळविला आणि मध्यमवर्गाच्या घरी रुपेरी झळाळी अल्प मोलात आली. शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या स्वस्त धान्याने इंग्रज जमीनदारांचे वसूल घसरले, १८८२ च्या कायद्याने पिढीजात वस्तू विकण्याची वाट मोकळी झाली, १८९४ मध्ये वारसाकर वाढला, आणि फडताळे रिकामी होऊ लागली. मध्यंतरी पुन्हा बसविलेली चांदीवरील जकात १८९० साली कायमची उठली. तोवर सरकारला त्या भांड्यांतून मिळण्यासारखे काही उरले नव्हते, इतिहासाला मात्र पुष्कळ होते.

कारण या सहा-सात शतकांच्या वृत्तान्ताचे सार असे आहे की संशयापोटी आणि करापोटी मारलेल्या खुणांनी जे साधले ते कोणत्याही बखरकाराला साधले नसते. कायदा करणाऱ्याला लबाड सोनार पकडावयाचा होता, जकातदाराला पैसा हवा होता, अर्लला आपली ठेव चोख हवी होती. कोणाच्याही मनात कलेचा इतिहास नव्हता. आणि तरी प्रत्येक चमच्यावर त्याचा कर्ता, त्याचे गाव, त्याचे साल आणि त्याचा कस कायमचा लिहिला गेला. आपल्याकडे सरदारांच्या जामदारखान्यांतून, देवस्थानांच्या कोठारांतून आणि जुन्या घरांच्या माजघरांतून आजही तबके, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, समया आणि पंचपात्रे आहेत. ज्यांनी ती घडविली ते कारागीर कौशल्यात कोणाला हार जाणारे नव्हते, पण त्यांची नावे त्यांच्या कामावर क्वचितच आढळतात, आणि दर पिढीला त्यांतले काही सराफाच्या मुशीत जाते. मोडण्याची वेळ आली तर ती कोणाला टळत नाही. परंतु मोडण्यापूर्वी त्या वस्तूचे वजन, तिचा घाट, ती कोणाकडून कोणाकडे आली ती परंपरा आणि ठाऊक असल्यास घडविणाऱ्याचे नाव एवढे लिहून ठेवणे हे प्रत्येक घराच्या आणि प्रत्येक देवस्थानाच्या हातचे आहे. इंग्लंडात हे काम दंडाच्या भयाने झाले. आपण ते कृतज्ञतेने करावे.